हिरव्या दारूचं भूत

ॲब्सिंथ ही वनस्पतींपासून केलेली हिरवी, कडक दारू. तिचं नाव काढलं की लोकं लगेच सांगतात, अरे ती प्यायल्यावर भास होतात, डोकं फिरतं. ही बदनामी सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

१८ व्या शतकाच्या शेवटी स्वित्झर्लंडमध्ये ही पोटाचं औषध म्हणून खपायची. त्यात मुख्य पाला वर्मवूडचा, म्हणजे आपण जोतिबाला वाहतो त्या दवण्याच्या भावकीतलाच. पुढे अल्जेरियातल्या फ्रेंच सैनिकांना तापावर द्यायला लागले, ते घरी आले ते चटक घेऊनच. त्यात द्राक्षवेलींच्या मुळांना फायलॉक्सेरा कीड लागली, मळेच्या मळे गेले, वाईन महागली आणि बीट नाहीतर धान्याच्या स्पिरिटची स्वस्त ॲब्सिंथ गरिबाची दारू झाली. वाईनवाल्यांना गिऱ्हाईक परत हवं होतं, त्यामुळे तेही दारूबंदीवाल्यांच्या सुरात सूर मिसळायला लागले (वाईन सोडून बाकीचीच बंदी हवी होती अर्थात).

पॅरिसचे मनोविकारतज्ज्ञ मान्यां यांनी गिनीपिगला वर्मवूडचा अर्क दिला, त्याला झटके आले. पण तो होता शुद्ध अर्क, ग्लासातली दारू नव्हे! मग १९०५ मध्ये स्वित्झर्लंडात लांफ्रे नावाच्या मजुराने गरोदर बायको आणि दोन मुलींना गोळ्या घातल्या. त्या दिवशी पठ्ठ्याने वाईन ढोसलेली, कोन्याकही घेतलेली, पण बोंब झाली ती फक्त दोन ग्लास ॲब्सिंथची. १९०८ ला तिथे सार्वमत झालं, १९१० पासून बंदी, फ्रान्समध्ये १९१५ ला.

दोष दिला जायचा तो वर्मवूडमधल्या थुजोन या रसायनाला. जास्त डोस गेला तर त्याने खरंच झटके येतात, गाबा नावाच्या रसायनाची मेंदूला शांत ठेवणारी यंत्रणा ते अडवतं. पण २००८ मध्ये बंदीच्या आधीच्या सीलबंद बाटल्या तपासल्या तर थुजोन निघालं सरासरी लिटरला २५ मिलिग्रॅम, आणि आज युरोपची मर्यादाच किलोला ३५ मिलिग्रॅम आहे. अल्कोहोल मात्र ७० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे थुजोन चढायच्या आधी दारूच माणसाला आडवा करणार. शिवाय हलक्या मालात हिरव्या रंगासाठी मोरचूद घालायचे, ते वेगळंच.

वर्मवूडचं शुद्ध तेल मात्र खरंच विषारी. १९९७ मध्ये अमेरिकेत एकाने इंटरनेटवरून वर्मवूडचं तेल मागवलं आणि ॲब्सिंथ समजून साधारण १० मिली प्यायला. झटके आले, स्नायू विरघळायला लागले आणि किडन्याही बसल्या.