एकांड्या मधमाश्या व त्यांची भावकी

ज्या मधमाश्यांत राणी-कामकरी असा पसारा नसतो आणि प्रत्येक मादी आपले घरटे एकटीच चालवते, त्यांना एकांड्या मधमाश्या म्हणतात. जगातील मधमाश्यांच्या सुमारे २०,००० ज्ञात जातींपैकी बहुसंख्य अशाच आहेत. आग्या, सातेरी, फुलोरी या पोळेवाल्या अल्पसंख्य. पुण्यात १९६२ पासून मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, पण तिचा भर साहजिकच मध देणाऱ्या माश्यांवर. एकांड्या माशीला मधाचा साठा नाही, म्हणून तिला नावही नाही. बाल्कनीतल्या गुलाबाची पाने गोल कापून नेणारी पानकापी माशी अनेकांना कीड वाटते. वाळक्या बांबूला भोक पाडणारा काळा भुंगा हीदेखील मधमाशीच, हे सांगितल्यावर लोक चकित होतात.

मधमाश्या, मुंग्या व गांधीलमाश्या हायमेनॉप्टेरा गणाच्या नांगीवाल्या शाखेत मोडतात. नांगी हे अंडी घालण्याच्या नळीचे बदललेले रूप. त्यामुळे नर डंख मारू शकत नाहीत.

यापुढचे नाते मात्र दिसण्यावरून कळत नाही. पुण्यातल्या खिडकीच्या चौकटीवर मातीचे घर करणाऱ्या दोन वेगळ्या माश्यांना आपण सरसकट ‘कुंभारीण’ म्हणतो. एक सुबक मडके घडवून त्यात अळ्या भरते; ती गांधीलमाशीच्या कुळातली. दुसरी, बारीक लांब कमरेची, मातीच्या कोठड्यांत कोळी भरते. ती मधमाश्यांच्या जवळची. २०१३ मध्ये जनुकीय पुराव्यावरून मुंग्याही याच दुसऱ्या गटाच्या निकटच्या ठरल्या. म्हणजे मधमाशीला गांधीलमाशीपेक्षा मुंगी जवळची, आणि एका कुंभारणीला दुसऱ्या कुंभारणीपेक्षा मधमाशी!

मधमाश्या अशाच शिकारी माश्यांच्या वंशातून, क्रिटेशस काळात, १० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी निघाल्या. संसाराची रीत फारशी बदलली नाही, बदलला तो शिधा. कुंभारीण डंख मारून लुळा केलेला कोळी कोठडीत ठेवते, अंडे घालते, तोंड लिंपते आणि निघून जाते. एकांडी मधमाशी हेच करते, फक्त कोळ्याच्या जागी मकरंदात कालवलेला परागाचा गोळा असतो. पराग धरायला उपयोगी पडणारे फाटे फुटलेले केस ही मधमाश्यांची खूण.

शिकारी कुंभारणीची पिल्ले उडून गेली की रिकाम्या कोठड्या पुष्कळदा पानकापी माशी ताब्यात घेते आणि त्यांना पानांचे अस्तर लावते.