हॅकिन्टॉशसाठी मदरबोर्ड : घेण्याआधी आणि अडल्यावर

"हॅकिन्टॉशला कुठला बोर्ड घेऊ?" हा प्रश्न आमच्या काउंटरवर अजूनही येतो. हॅकिन्टॉश म्हणजे साध्या पीसीवर मॅकओएस, म्हणजे मॅक संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम, चालवणं. बंद पडलेलं कॅबिनेट खांद्यावर घेऊन "काल रात्रीपर्यंत नीट चालत होतं हो" म्हणणारेही येतात. दोघांना उभ्या उभ्या अर्धा तास सांगावं लागतं, आणि घरी पोचेपर्यंत त्यातलं निम्मं विसरलेलं असतं. म्हणून हे पत्रक. वाचून झालं की कॅबिनेटच्या आतच ठेवून द्या, लागेल तेव्हा हाताशी येईल.

आधी स्पष्ट बोलू

मॅकओएसच्या परवान्यात ते फक्त अ‍ॅपलच्या संगणकावरच घालायची मुभा आहे. अमेरिकेत सायस्टार नावाच्या छोट्या कंपनीने २००८ मध्ये मॅकओएस घातलेले तयार पीसी विकायला काढले. अ‍ॅपलने कोर्टात खेचलं, २००९ च्या नोव्हेंबरात निकाल सायस्टारच्या विरोधात गेला आणि महिन्याभरात विक्रीवर मनाई आली. त्यामुळे आम्ही मॅकओएस घालून देत नाही, घालून दिलेला पीसी विकत नाही, आणि नेटवरून उतरवलेल्या 'रेडीमेड' इमेजच्या पेनड्राइव्हला हातही लावत नाही. बोर्ड, प्रोसेसर, जोडणी, बायोस (बोर्डचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर, त्यातच बोर्डची सेटिंग असतात) आणि हार्डवेअरची तपासणी एवढं आमचं काम. पुढचा निर्णय तुमचा, जबाबदारीही तुमची.

दुसरी गोष्ट मुदतीची. अ‍ॅपलने जानेवारी २००६ मध्ये इंटेल प्रोसेसरचे मॅक आणले, म्हणून तर साध्या पीसीवर हा खेळ जमला. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांची स्वतःची एम१ चिप आली, आणि जून २०२५ मध्ये त्यांनी सांगून टाकलं की मॅकओएस २६, म्हणजे टाहो, ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती. त्यापुढची आवृत्ती तुमच्या बोर्डवर येणार नाही, कितीही भारी बोर्ड घेतलात तरी.

तेव्हा नव्याने सगळं विकत घेऊन सुरुवात करणार असाल, तर आधी मॅक मिनीची किंमत विचारून या. असं सांगितलं की आमचं गिऱ्हाईक जातं, पण दोन वर्षांनी तुमच्या शिव्या खाण्यापेक्षा ते परवडलं. ज्यांच्याकडे जुना इंटेल सेट पडून आहे, ज्यांच्या स्टुडिओतले प्लगइन जुन्या मॅकओएसवरच चालतात, किंवा ज्यांना हे सगळं उघडून बघायचीच हौस आहे, त्यांच्यासाठी पुढचा मजकूर.

बोर्ड निवडताना

गिऱ्हाईक आधी बोर्डचं रूप बघतं. आरजीबी दिवे, चकचकीत हीटसिंक. मॅकओएसला त्यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतात बोर्डवरच्या चार-पाच चिपा, आणि त्या ओळखीच्या असल्या तर काम सोपं होतं. म्हणून बोर्डचं नाव पाठ करण्यापेक्षा कंपनीच्या साइटवरचं स्पेसिफिकेशनचं पान उघडा आणि चिपांची नावं कागदावर उतरवा.

सगळ्यात आधी प्रोसेसरची पिढी. इंटेलची १० वी पिढी, म्हणजे एलजीए १२०० सॉकेट (बोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा), ही आमच्या मते सगळ्यात बिनत्रासाची. तिच्यातलं यूएचडी ६३० ग्राफिक मॅकओएस ओळखतं, त्यामुळे आय५-१०४०० सारख्या प्रोसेसरवर वेगळं कार्ड नसलं तरी चित्र दिसतं. मात्र नावापुढे 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक नसतंच. ११ व्या पिढीपासूनची अंगची ग्राफिक मॅकओएसला चालत नाहीत. १२ व्या ते १४ व्या पिढीच्या प्रोसेसरला तर १० व्या पिढीचं सोंग द्यावं लागतं, आणि ग्राफिक कार्ड वेगळं घ्यावंच लागतं. जमतं, पण पहिल्याच बांधणीला नको. एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर कर्नल पॅच (मॅकओएसच्या गाभ्यात केलेली दुरुस्ती) लावून चालवणारे आहेत, पण मॅकओएसमधली व्हर्च्युअल मशीनची सोय तिथे मिळत नाही आणि अडोबीची काही सॉफ्टवेअर कुरकुरतात. डीटीपीवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

१० व्या पिढीसाठी झेड ४९०, एच ४७०, बी ४६० आणि एच ४१० हे चिपसेट, म्हणजे बोर्डवरची मुख्य चिप. आता हे बहुतेक जुन्या स्टॉकमधले किंवा सेकंडहँडच मिळतात. एच ४१० वर सहसा रॅमच्या दोनच खोबणी असतात आणि वीजपुरवठ्याचा भाग बारीक असतो. आय३, आय५ ला पुरतो, पण त्यावर आय९ लावून तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करायचा विचार असेल तर करू नका. आमची पसंती मधल्या किमतीच्या झेड ४९० ला. कारण दिवे नव्हेत, बायोसमधले पर्याय. सीएफजी लॉक (प्रोसेसरची काही सेटिंग कुलूपबंद करणारा पर्याय) बंद करायची सोय बायोसमध्येच असेल तर पुढची बरीच कटकट वाचते. ती आहे का, हे मॅन्युअलच्या पीडीएफमध्ये शोधून बघा.

मग नेटवर्कची चिप. इंटेल आय२१९-व्ही किंवा रिअलटेक ८१११ असेल तर डोळे मिटून घ्या, दोन्हींसाठी ड्रायव्हर आहेत. झेड ४९० च्या पुष्कळ बोर्डांवर २.५ गिगाबिटची इंटेल आय२२५-व्ही बसवलेली असते. ती चालते, पण मॅकओएसच्या आवृत्तीप्रमाणे तिची मिजास बदलते आणि प्रत्येक वेळी सेटिंगला हात घालावा लागतो. वायफायकडे बघून बोर्ड घेऊ नका, ते कार्ड वेगळं बदलता येतं.

आवाजाची रिअलटेक चिप बहुतेक बोर्डांवर अ‍ॅपलएएलसी नावाच्या जोड-फाइलने चालते, फक्त लेआउटचा (आवाजाच्या खोबणींच्या जुळणीचा) योग्य आकडा शोधावा लागतो. पण टाहोमध्ये अ‍ॅपलने जुना ऑडिओ ड्रायव्हरच काढून टाकलाय, त्यामुळे तिथे बोर्डच्या मागची हिरवी खोबण मुकी राहते. रेकॉर्डिंगवाल्यांचा यूएसबी इंटरफेस असतोच, त्यांना फरक पडत नाही. बाकीच्यांनी टाहोच्या आधीच्या आवृत्तीवर, सिकोयावर, थांबावं.

ग्राफिक कार्ड बोर्डबरोबरच ठरवा. एनव्हीडियाची गेल्या काही वर्षांतली कार्डं चालत नाहीत, इथे वाद घालू नये. एएमडीमध्ये आरएक्स ५८०, ५७००, ६६०० चालतात. ६७०० एक्सटी चालत नाही. आकडा मोठा म्हणून आणलं आणि परत करायला धावले, असे दोघंतिघं आम्ही पाहिलेत.

यूएसबीचं गणित

हे नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात.

मॅकओएस एका यूएसबी कंट्रोलरवर १५ च पोर्ट धरतं. तुम्ही म्हणाल, मागे तर आठच दिसतात. पण निळ्या यूएसबी ३ च्या एका खोबणीत दोन पोर्ट दडलेले असतात, एक जुन्या वेगाचा आणि एक नव्या. त्यात कॅबिनेटच्या पुढच्या खोबणी, ब्लूटूथ आणि आरजीबी दिव्यांचा कंट्रोलर मिळवा, की १५ कधी उलटले कळतही नाही. पंधराच्या पुढचे पोर्ट मॅकओएस बघतच नाही. मग एकाच खोबणीत माऊस चालतो आणि हार्डडिस्क चालत नाही, झोपवलेला संगणक आपोआप जागा होतो, इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह मध्येच दिसेनासा होतो.

उपाय बैठा आहे. एक यूएसबी २ चा आणि एक यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह घ्या. कॅबिनेटच्या मागच्या बाजूचं चित्र कागदावर काढा. विंडोजवर यूएसबीटूलबॉक्स उघडा आणि प्रत्येक खोबणीत आधी एक, मग दुसरा पेनड्राइव्ह घालत जा. पडद्यावर जो पोर्ट उजळेल त्याचं नाव चित्रातल्या त्या खोबणीवर लिहा. वीस मिनिटं लागतात. मग त्यातले लागतील तेवढे १५ ठेवायचे आणि बाकीचे वगळायचे. आरजीबीचा कंट्रोलर पहिला वगळा. दुसऱ्याने केलेला नकाशा, बोर्डचं मॉडेल तेच असलं तरी, उचलू नका. त्याचं कॅबिनेट वेगळं, त्याच्या पुढच्या खोबणी वेगळ्या.

अडल्यावर : आजार बोर्डचा की मांडणीचा?

आमच्याकडे 'हॅकिन्टॉश बिघडला' म्हणून येणाऱ्या कितीतरी सेटांमध्ये मॅकओएसचा काही संबंधच नसतो. रॅम सैल असते, नाहीतर सेल उतरलेला असतो. म्हणून ओपनकोअरच्या (पीसीवर मॅकओएस सुरू करून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) फायली उघडण्याआधी एवढं करा.

बटण दाबल्यावर पंखे फिरतात पण पडदा काळा? प्रोसेसरजवळची ८ पिनची वेगळी केबल लावली आहे का बघा. मोठी २४ पिनची सगळे लावतात, ही विसरतात. चार खोबणींच्या बोर्डवर रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खोबणीत हव्यात. मग एकच पट्टी लावून चालू करा. बोर्डच्या कडेला सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतील तर कुठला दिवा अडून राहतो त्याचा फोटो काढा.

बोर्ड सेकंडहँड घेत असाल तर पैसे देण्याआधी सॉकेट बघा. मोबाइलचा टॉर्च वरून नको, तिरका धरा. सगळ्या पिना एका दिशेने चमकल्या पाहिजेत, शेताच्या सरीसारख्या. मध्येच एखादी काळी दिसली किंवा उलटी चमकली तर ती वाकलेली आहे. ती घरी सुईने सरळ करू नका. आम्ही भिंगाखाली करतो, तरी दर वेळी यश येतंच असं नाही.

आता सेलची गोष्ट. लग्नाचे व्हिडिओ करणारे एक गृहस्थ ऐन सीझनमध्ये आले. मॅकओएसच्या अपडेटने सेट मेला, अशी त्यांची खात्री. आम्ही बायोस उघडला तर घड्याळ काही वर्षं मागे. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल उतरला होता. घरी जाताना भिंतीवरचं बटण बंद करायची आपली सवय, त्यामुळे रात्रभर बायोसची सगळी भिस्त त्या सेलवर. तो संपला आणि सेटिंग पुसून मूळपदावर आली. नवा सेल, दहा मिनिटांची सेटिंग, आणि गृहस्थ संध्याकाळच्या वरातीला वेळेवर.

म्हणून बायोसची ही सेटिंग लिहून ठेवा : फास्ट बूट, सिक्युअर बूट आणि सीएसएम बंद. सीएफजी लॉक बंद. व्हीटी-डी बंद. अबव्ह ४जी डिकोडिंग चालू. एक्सएचसीआय हँडऑफ चालू. साटा मोड एएचसीआय. अंगच्या ग्राफिकची डीव्हीएमटी ६४ एमबी. बायोस अपडेट केल्यावरही ही सगळी पुसली जातात, तेव्हा अपडेटआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो.

पण सेल नवा आहे आणि तरीही दर रीस्टार्टला बायोस 'सेटिंग हरवली' म्हणतोय, तर दुखणं वेगळं. तिथे मॅकओएसच बोर्डच्या घड्याळाच्या चिपमध्ये नको तिथे लिहीत असतं. ओपनकोअरमध्ये डिसेबल आरटीसी चेकसम हा पर्याय लावून बघा, सेलांवर पैसे घालवू नका.

हे सगळं ठीक असेल तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर सेट दोन तास चालवा आणि एक रात्र मेमटेस्ट (रॅमची चाचणी) लावून ठेवा. तिथेही अडला तर दोष बोर्डचा, रॅमचा किंवा एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या डब्याचा), सेट आमच्याकडे आणा. तिथे ठणठणीत चालला तर गडबड मांडणीत, म्हणजे ओपनकोअरच्या सेटिंगमध्ये, आहे. मग व्हर्बोज मोड (सुरू होताना प्रत्येक पायरीची ओळ पडद्यावर दाखवणारा) लावा आणि शेवटची ओळ वाचा. 'एक्झिटबीएस स्टार्ट'वर थांबला तर ओपनकोअरच्या बूटर विभागातले मेमरीचे पर्याय तपासा. 'पीसीआय कॉन्फिगरेशन बिगिन'वर थांबला तर बहुतेक अबव्ह ४जी बंद आहे. आडव्या रेघेचा गोल आणि 'स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' दिसलं तर वरचं यूएसबीचं गणित पुन्हा करा. सगळ्या ओळी सरसर जाऊन शेवटी पडदा काळा झाला आणि कार्ड आरएक्स ५७०० किंवा ६६०० असेल, तर बूट आर्ग्युमेंटमध्ये (सुरू होताना मॅकओएसला द्यायच्या सूचनांमध्ये) पिकेराचा पर्याय राहिलाय.

आमच्याकडे येताना

बोर्डचं बिल, रॅम आणि एसएमपीएस सोबत आणा. नुसता बोर्ड आणला तर दोष रॅमचा होता हे आम्हाला कळणार नाही. पडद्यावरच्या शेवटच्या ओळीचा फोटो आणा, 'इंग्रजीत काहीतरी येतं' यावरून काही कळत नाही. अ‍ॅपल आयडीचा पासवर्ड आम्हाला देऊ नका, लागत नाही. कामाचा डेटा आधी दुसरीकडे घ्या.

आणि प्रोसेसर काढून बोर्ड आणत असाल तर सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण लावूनच आणा. नवा बोर्ड घेतल्या दिवशी ते झाकण कचऱ्यात जातं, आणि वॉरंटीत बोर्ड देताना नेमकं तेच मागतात. हरवलं असेल तर विचारा, आमच्या ड्रॉवरमध्ये दोन-चार पडलेली असतात.