भुंकल्यानं काम होतं, म्हणून कुत्रं भुंकतं

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की सांगलीहून पेठनाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून कारखान्याकडं निघतात. रस्त्याकडेच्या वस्तीवरचं कुत्रं भुंकत त्यांच्या मागं धावतं, ट्रॅक्टर निघून जातो आणि कुत्रं शेपूट वर करून रुबाबात परत येतं. ट्रॅक्टर तसाही जाणारच होता, हे त्याला कुठं ठाऊक? त्याच्या हिशेबी त्यानं तो पळवून लावला. सांगलीतल्या विश्रामबागेत एखाद्या बंगल्याच्या गेटवर कुरिअरवाल्यावर तुटून पडणाऱ्या लॅब्राडॉरचा हिशेबही हाच. पार्सल देऊन माणूस दरवेळी निघून जातो, म्हणजे कुत्रं दरवेळी जिंकतं.

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं भुकेल्या मांजरांना पेटीत कोंडून केलेले प्रयोग १८९८ साली प्रसिद्ध केले. धडपड करताना चुकून खटका हलला की दार उघडायचं आणि बाहेर खाऊ मिळायचा. पुन्हा पुन्हा कोंडल्यावर बाकीची धडपड गळून गेली, खटक्याची क्रिया तेवढी पक्की झाली. ज्या वागण्यातून फायदा होतो ते टिकतं, हा त्यातला नियम. पुढं बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं तो तपशीलवार अभ्यासला. म्हणून कुत्र्याची खोड मोडायची तर आधी विचारावं, यातून त्याला मिळतंय काय?

पाहुणा आला की अंगावर उड्या मारणारं कुत्रं घ्या. आपण त्याला दोन्ही हातांनी ढकलतो, ‘अरे उतर, उतर की खाली’ म्हणून ओरडतो. दिवसभर एकट्या बसलेल्या त्या जनावराला स्पर्श, आवाज आणि नजर असं सगळंच मिळालं. त्याऐवजी हाताची घडी घालून, तोंड फिरवून गप्प उभं राहावं. चारही पाय जमिनीला टेकले की त्याच क्षणी खाली वाकून कौतुक करावं, तोंडात खाऊ द्यावा. क्षण महत्त्वाचा. दोन-चार सेकंद उशीर झाला, तर बक्षीस भलत्याच कृतीला जातं.

इथं बहुतेक घरं एका ठिकाणी हरतात. बक्षीस बंद झालं की खोड आधी वाढते. कुत्रं जास्त उंच उडतं, जास्त भुंकतं, कारण आजवर चालणारी युक्ती आता का चालत नाही हे ते जोर लावून तपासत असतं. नेमकं तेव्हाच कुणीतरी ‘जाऊ दे, दे त्याला’ म्हणतं आणि कुत्रं शिकतं, की एवढा जोर लावला की मिळतं. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसानं सवय उलट चिवट होते. त्यामुळं सगळे जेवताना कडक आणि आजी तेवढी ताटाखालून भाकरीचा तुकडा देते, असं चालत नाही. आजीला शिकवणं कुत्र्याला शिकवण्यापेक्षा अवघड, पण ते आधी करावं.

खाऊ म्हणून उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे बोटाच्या पेराएवढे तुकडे पुरतात. तासगाव-मिरज पट्ट्यात घरात द्राक्षं आणि बेदाणा कायम असतो. हे दोन्ही मात्र कुत्र्याला चुकूनही देऊ नये. त्यानं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नसतो.

आपण बाहेर गेल्यावर चप्पल फाडलेली असते आणि आल्यावर कुत्रं कान पाडून कोपऱ्यात बसतं. ‘बघ, त्याला कळतंय’, असं आपण म्हणतो. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हे तपासलं. काही मालकांना मुद्दाम खोटं सांगितलं, की कुत्र्यानं न विचारता खाल्लं. तो अपराधी चेहरा कुत्र्यानं खरंच चोरी केली की नाही यावर नव्हे, मालक रागावतो की नाही यावर अवलंबून निघाला. तासाभरापूर्वीच्या चपलेशी कुत्रं आपला राग जोडत नाही. मार खाल्ल्यावर ते आपल्या परत येण्याला भ्यायला शिकतं.

फटाक्यांची भीती वेगळी. दिवाळीत पलंगाखाली थरथरणारं कुत्रं काही मिळवायला थरथरत नाही. म्हणून त्याला जवळ घेतल्यानं भीती ‘लाडावते’ हा समज सोडून द्यावा. खुशाल जवळ बसू द्या, खिडक्या लावा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा. मूळ इलाज मात्र गणपतीच्याही आधी सुरू करावा. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावायचा आणि लगेच आवडता खाऊ द्यायचा. कुत्रं निवांत खात असेल तरच दुसऱ्या दिवशी आवाज किंचित वाढवायचा. खाणं थांबलं की आवाज जास्त झाला समजावं आणि एक पायरी मागं यावं. घंटेपाठोपाठ कुत्र्यांपुढं अन्न आणणाऱ्या पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगांमधलंच हे तत्त्व. भीती फारच असेल तर पशुवैद्य औषधही देतात.

आणि शहाणं कुत्रं एकाएकी गुरगुरायला लागलं, घरातच लघवी करू लागलं, तर शिकवणी बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठावा. डोक्याला हात लावल्यावर चावायला येणाऱ्या कुत्र्याचा पुष्कळदा कान दुखत असतो, आणि कानात औषध घातल्यावर ते पुन्हा पहिल्यासारखं वागू लागतं.