चढ आधी, समीकरण मागाहून

पावसाळ्यात कोल्हापुरात एकच प्रश्न असतो, ‘पाणी किती फुटांवर?’ राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. समजा, सकाळी ६ वाजता पाणी ३५ फुटांवर होतं आणि १० वाजता ३७ वर. चार तासांत दोन फूट, म्हणजे तासाला अर्धा फूट. हाच रेषेचा चढ. वेळेला एक्स आणि पातळीला वाय म्हटलं, तर वाय − ३५ = ०.५ (एक्स − ६). वायच्या जागी ३९ घाला, एक्स १४ येतो. दुपारी दोनला इशारा पातळी. ४३ घातले तर रात्रीचे दहा. (पाणी पात्राबाहेर पसरलं की वाढ मंदावते आणि राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की पुन्हा चढते, त्यामुळे रेषा फार लांब ताणू नये.)

या हिशेबाला समीकरण लागतंच असं नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) तो त्रैराशिकात, म्हणजे तीन माहीत राशींवरून चौथी काढायच्या रीतीत, बसतो: प्रमाण ४ तास, फल २ फूट, इच्छा ८ तास (सकाळी सहा ते दुपारी दोन). फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागा, ४ फूट. चढ म्हणजे फल भागिले प्रमाण. त्रैराशिक एकेका इच्छेचं उत्तर देतं. समीकरण सगळ्या इच्छा एका ओळीत ठेवतं. फरक एवढाच, पण तिथे पोहोचायला कित्येक शतकं गेली.

चौदाव्या शतकात फ्रान्सच्या निकोल ओरेमने बदलती राशी उभ्या उंचीने दाखवली. एकसारख्या वाढीची खूण त्याने सांगितली: कोणतेही तीन बिंदू घ्या, आडव्या अंतरांचं गुणोत्तर आणि उंचींतल्या फरकांचं गुणोत्तर सारखंच येतं. तीन बिंदू एका रेषेत आहेत का, हे दहावीचा विद्यार्थी आजही चढ काढून याच कसोटीने ठरवतो. ओरेमकडे बीजगणिताची चिन्हं मात्र नव्हती.

रेषेला समीकरण देण्याचं श्रेय सर्रास फ्रेंच गणिती देकार्तला दिलं जातं, पण त्याच्या १६३७ च्या ‘भूमिती’ या ग्रंथात सरळ रेषा ओझरतीच येते. त्याचं लक्ष वक्रांवर होतं. पहिल्या घाताचं समीकरण म्हणजे सरळ रेषा, हे फर्मा या दुसऱ्या फ्रेंच गणितीने त्याच सुमारास नीट मांडलं. ते छापून आलं १६७९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. दोघांकडेही आजच्यासारखा वाय-अक्ष नव्हता, ऋण निर्देशकही नव्हते. त्यामुळे फर्माची रेषा आरंभबिंदूपासून एकाच बाजूला जाते.

आपण घोकतो ते बिंदू-चढ रूप (वर पुरासाठी लिहिलं तेच) फ्रेंच गणिती गास्पार मोंझच्या १७८१ च्या लेखात सापडतं. दोन बिंदूंतून जाणारी रेषा, लंब रेषेची अट, ही सूत्रं शतक संपता संपता लाक्रोआच्या पाठ्यपुस्तकात रुळली. म्हणजे न्यूटनचं कलनशास्त्र जुनं, वाय = एमएक्स + सी (एम म्हणजे चढ, सी म्हणजे रेषा वाय-अक्षाला छेदते तिथली उंची) त्यामानाने नवं! शाळेतला क्रम याच्या बरोबर उलटा.

चुका कुठे होतात तेही या इतिहासाला धरूनच आहे. वजाबाकीचा क्रम वर एक, खाली दुसरा ठेवला की चिन्ह उलटतं: (३७ − ३५) भागिले (६ − १०) केलं तर चढ उणे अर्धा येतो आणि भर पुरात नदी ओसरू लागते. वेळेचा फरक वर ठेवला तर चढ २ येतो, म्हणजे फुटाला किती तास. उत्तर खरं, प्रश्न दुसरा. आडव्या रेषेचा चढ शून्य, उभ्या रेषेचा चढ ठरवताच येत नाही, कारण छेदात शून्य येतो. म्हणूनच ‘चढांचा गुणाकार उणे एक’ ही लंबाची अट उभी-आडवी जोडी असली की चालत नाही. एक्स = ४ अशी रेषा एम घेऊन लिहिताही येत नाही; तिला एएक्स + बीवाय + सी = ० हेच रूप लागतं.

राहिला एम. तो ‘चढणे’ अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला असं वर्गात सांगतात, पण त्याला पुरावा नाही. इटलीच्या व्हिन्चेन्झो रिकातीने १७५७ मध्ये तो वापरला, १८४४ मध्ये मॅथ्यू ओब्रायनच्या इंग्रजी पुस्तकात तो दिसतो. खुद्द फ्रेंच मुलं वाय = एएक्स + बी लिहितात, आणि स्वीडनमध्ये चढाला के म्हणतात; तिथे एम हे अक्षर आपल्या सीच्या जागी बसलं आहे.