उसाच्या टिपरीतला जिवाणू आणि क्वांटम संगणक

आडसाली लागणीच्या दिवसांत कोल्हापूरजवळच्या वडणगे किंवा चिखलीच्या शिवारात गेले, तर बांधावर एखादे प्लॅस्टिकचे पिंप दिसते. त्यातल्या गढूळ पाण्यात उसाची टिपरी बुडवून ठेवलेली असतात. शेतकरी या द्रावणाला ‘ॲसिटोबॅक्टर’ म्हणतात. उसाच्या पेरांत वस्ती करणाऱ्या या जिवाणूची नोंद १९८८ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी केली. हवेतील नत्र घेऊन त्याचा अमोनिया करणे हे त्याचे काम, आणि ते तो शेतातल्या साध्या तापमानाला करतो. त्याच बांधावर युरियाची ४५ किलोची गोणीही असते. तिच्यातील नत्र कारखान्यात ४०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात आणि वातावरणाच्या शंभर-दोनशे पट दाबाखाली बांधले गेलेले असते. जिवाणूला जे इतक्या सहज साधते ते नेमके कसे, हा प्रश्न रसायनशास्त्राला अनेक दशके छळतो आहे, आणि क्वांटम संगणकाच्या, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या जगातील नियमांवर चालणाऱ्या संगणकाच्या, अल्गोरिदमवर काम करणाऱ्यांनी आपली कसोटी म्हणून तोच निवडला आहे.

जिवाणूच्या या करामतीमागे नायट्रोजिनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. त्याच्या गाभ्यात ७ लोहाचे, १ मॉलिब्डेनमचा आणि ९ गंधकाचे अणू यांचा एक गुच्छ असून त्याच्या मधोमध कार्बनचा एकच अणू आहे. हा मधला अणू कार्बनचाच आहे, हे सुद्धा २०११ मध्ये निश्चित झाले. गुच्छाची रचना आता ठाऊक आहे, तरीही गणित सुटत नाही, कारण लोहाच्या अणूंवरील इलेक्ट्रॉन एकमेकांत इतके गुंतलेले असतात की एकाचा हिशेब दुसऱ्याला वगळून मांडताच येत नाही. २०१७ मध्ये मार्कुस राइहर आणि सहकाऱ्यांनी या गुच्छाचे जे प्रारूप अभ्यासले, त्यात ५४ इलेक्ट्रॉन आणि ५४ कक्षके, म्हणजे इलेक्ट्रॉन राहू शकतात अशी ठिकाणे, होती. प्रत्येक कक्षकात दोन, अशा एकूण १०८ जागा झाल्या. एसटीतल्या आसनांसारखी प्रत्येक जागा भरलेली किंवा रिकामी असू शकते, मात्र इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत बसण्याच्या सगळ्या मांडण्या एकाच वेळी, कमी-अधिक प्रमाणात, अस्तित्वात असतात. अशा मांडण्यांची संख्या साधारण ४ वर ३० शून्ये इतकी भरते.

एवढ्या मोठ्या संख्येचा अर्थ नुसता वाचून पोहोचत नाही, म्हणून मी पदवीच्या विद्यार्थ्यांना एक प्रयोग स्वतःच्या लॅपटॉपवर करायला सांगतो. क्वांटम संगणकाची नक्कल करणारी मोफत प्रणाली घ्यायची आणि एकेक क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीचे एकक, वाढवत जायचे. २० क्युबिटांपर्यंत काहीच जाणवत नाही. २९ क्युबिटांची अवस्था साठवायला ८ गिगाबाइट स्मृती लागते, ३० क्युबिटांना १६, आणि तिथे नेहमीचा लॅपटॉप मान टाकतो. ५० क्युबिटांसाठी असे दहा लाखांहून अधिक लॅपटॉप लागतील. रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ च्या व्याख्यानात मांडलेला मुद्दा हाच होता: निसर्ग क्वांटम नियमांनी चालत असेल, तर त्याची नक्कल करणारे यंत्रही त्याच नियमांनी चालणारे हवे. इलेक्ट्रॉनाची एक जागा म्हणजे एक क्युबिट धरले, की त्या प्रचंड संख्येसाठी १०८ क्युबिट मुळात पुरतात.

यंत्र मिळाले तरी त्याला इलेक्ट्रॉनांसारखे वागायला लावायचे कसे, हा पुढचा प्रश्न, आणि अल्गोरिदमचे खरे सौंदर्य इथे आहे. इलेक्ट्रॉनांवर अनेक प्रभाव एकाच वेळी काम करतात. यंत्रात मात्र एका वेळी एकेकच क्रिया देता येते. उसाने भरलेली ट्रॉली ओढत कारखान्याच्या फाटकातून वळणारा ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आणावा. तो एकाच वेळी पुढेही जातो आणि वळतोही. ‘आधी दहा फूट पुढे, मग तीस अंश वळण’ असे केले तर तो एका ठिकाणी पोहोचेल, आणि क्रम उलटा केला तर दुसऱ्याच. पण वीतभर पुढे, किंचित वळण, पुन्हा वीतभर पुढे, असे केले तर मार्ग खऱ्या वळणाच्या अगदी जवळ जातो. सेथ लॉइड यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की क्वांटम प्रणालींची नक्कल अशाच बारीक पावलांनी, आवाक्यातल्या वेळात करता येते. पावले जितकी बारीक, तितकी चूक कमी, पण क्रिया तितक्याच जास्त. आणि आजच्या यंत्रात प्रत्येक क्रिया स्वतःची थोडी चूक पदरात टाकते. म्हणून गेल्या काही वर्षांत ही पावलांची पद्धत बाजूला ठेवून त्याच गणिताची वेगळी बांधणी करणाऱ्या रीती पुढे आल्या आहेत.

नक्कल झाल्यावर उत्तर वाचून काढायचे असते, आणि रसायनशास्त्राला हवे असते ते ऊर्जेचे मूल्य. क्वांटम नियमांत ऊर्जा म्हणजे अवस्थेच्या कलेची (फेजची) फिरण्याची गती, जणू तिचा सूर. गाण्याच्या देवल क्लबच्या या कोल्हापुरात त्यासाठी दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. मिरजेचा तंबोरा जुळवताना जोडीच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या, तर एकत्र छेडल्यावर नादात हेलकावे ऐकू येतात. मणी सरकवत गेले की हेलकावे संथ होतात, आणि उरलेला बारीक फरक कळण्यासाठी तितकाच जास्त वेळ कान देऊन बसावे लागते. अलेक्सेई किताएव यांनी १९९५ मध्ये मांडलेली कला-अनुमानाची रीत नेमकी याच नियमाने चालते: दुप्पट अचूक ऊर्जा हवी, तर दुप्पट वेळ नक्कल चालवावी लागते.

नायट्रोजिनेजच्या गुच्छासाठी हे सगळे किती महाग पडेल, याचा तपशीलवार अंदाज २०१७ मध्ये राइहर यांच्या गटाने मांडला. २०२१ मध्ये जूनहो ली आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेचे गणित अधिक आटोपशीर मांडले, तेव्हा लागणाऱ्या क्रिया हजारो पटींनी घटल्या. त्यांच्या हिशेबाने सुमारे ४० लाख भौतिक क्युबिट (यंत्रात प्रत्यक्ष असलेले) आणि चार दिवसांहून कमी वेळ पुरेल. ही घट कुठल्याही नव्या चिपमुळे झालेली नाही, ती गणितातून आली आहे. क्वांटम संगणनाच्या बातम्यांत चिपची छायाचित्रे झळकतात आणि हे काम झाकले जाते, याची मला मनापासून खंत वाटते.

क्युबिट लाखांनी लागतात ते चुका सुधारण्यासाठी: अनेक भौतिक क्युबिट मिळून एक भरवशाचा ‘तार्किक’ क्युबिट बनतो. डिसेंबर २०२४ मध्ये गुगलने १०५ क्युबिटांच्या ‘विलो’ चिपवर दाखवले, की एका तार्किक क्युबिटासाठी ३ बाय ३, ५ बाय ५ आणि ७ बाय ७ अशी जाळी वाढवत नेली, तर चुकीचे प्रमाण दर टप्प्याला निम्म्यावर येते. १०५ पासून ४० लाखांपर्यंतचे अंतर फार मोठे आहे, पण जाळी वाढवून चुका घटतात ही पायाची गोष्ट प्रत्यक्षात दिसली.

साध्या संगणकाचे अल्गोरिदमही या काळात स्वस्थ बसलेले नाहीत. जून २०२३ मध्ये आयबीएमने १२७ क्युबिटांच्या यंत्रावर चुंबकीय प्रणालीची नक्कल करून ती साध्या संगणकाच्या नेहमीच्या रीतींना जड जाते असे मांडले, आणि काही आठवड्यांतच इतर गटांनी टेन्सर जाल नावाच्या गणिती पद्धतीच्या मदतीने तीच उत्तरे साध्या संगणकांवर काढून दाखवली. त्याच वर्षी गार्नेट चॅन आणि सहकाऱ्यांनी रसायनशास्त्रातील दाव्यांची छाननी केली. क्वांटम संगणकाला घातांकी, म्हणजे रेणू मोठा होईल तशी पटीपटीने वाढणारी, आघाडी मिळते याचा पुरावा अजून हाती नाही, असे त्यांचे मत पडले. एक अडचण त्यांनी विशेष दाखवली: कला-अनुमान सुरू करताना खऱ्या अवस्थेच्या जवळची अवस्था हाताशी असावी लागते, आणि गुंतागुंतीच्या रेणूत तीच मिळवणे कठीण होते. मला ही टीका या क्षेत्राच्या प्रकृतीला आवश्यक वाटते. ऑक्टोबर २०२५ मध्ये गुगलने ‘क्वांटम एकोज’ या अल्गोरिदमने विलोवर महासंगणकापेक्षा १३,००० पट वेग मिळाल्याचे जाहीर केले, त्यालाही याच छाननीतून जावे लागेल.

भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले. यंत्रे उभी राहायला वेळ लागेल, पण अल्गोरिदमचे काम त्या यंत्रांना लागणाऱ्या शीतकक्षाशिवाय, वही आणि लॅपटॉपवर कोल्हापुरातही होऊ शकते.

कामाला तोटा नाही. चार दिवसांचा तो हिशेब गुच्छाच्या एकाच अवस्थेच्या ऊर्जेचा आहे. नत्राच्या एका रेणूचे अमोनियाच्या दोन रेणूंत रूपांतर होताना विकरात ८ इलेक्ट्रॉन एकेक करून येतात आणि प्रत्येक इलेक्ट्रॉनाबरोबर गुच्छाची अवस्था बदलते. त्यांतल्या चौथ्या इलेक्ट्रॉनानंतरच्या अवस्थेत नत्राचा रेणू गुच्छाला धरतो असे प्रयोग सांगतात. तो कोणत्या लोहाच्या अणूला आणि कसा धरतो, यावर संशोधकांचे अजून एकमत झालेले नाही.