गंबोरो की रक्ती हगवण?

चौथ्या आठवड्यातली कोंबडीची पिल्लं पिसं फुगवून, पंख खाली सोडून कोपऱ्यात बसायला लागली, मागचा भाग शिटेनं बरबटलेला दिसला, की छोट्या शेडवरचा माणूस तालुक्याचं औषध दुकान गाठतो. "पिल्लं हगतायत" एवढंच सांगतो. दुकानदार सल्फाची पुडी देतो, सोबत एखादं टॉनिक देतो, आणि दोन्ही त्याच संध्याकाळी पाण्यात पडतं. पिल्लांना गंबोरो झालेला असेल तर त्या सल्फानं आधीच सुजलेली मूत्रपिंडं आणखी बिघडतात आणि मरतुक वाढते. रक्ती हगवण असेल तर औषध लागू पडतं, पण गादी (शेडमध्ये अंथरलेला तुसाचा थर) ओलीच राहिली तर पंधरा दिवसांत तेच दुखणं परत येतं. दोन्ही आजार साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात गाठतात आणि लांबून एकसारखेच दिसतात. उपाय मात्र अगदी वेगळे आहेत.

गंबोरो हा विषाणूचा आजार. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात गंबोरो नावाच्या गावाच्या परिसरात तो पहिल्यांदा दिसला आणि 1962 साली त्याचं वर्णन झालं. पिल्लाच्या गुदद्वाराच्या अगदी वर बर्सा नावाची एक छोटी गाठ असते. लहान वयात रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथे तयार होतात, आणि हा विषाणू नेमकी तीच गाठ पोखरतो. रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, ही आयमेरिया नावाच्या परजीवीमुळे होते. कोंबडीत त्याच्या सात जाती मानल्या जातात आणि प्रत्येकीचा आतड्यातला पट्टा ठरलेला असतो. आपण ज्याला रक्ती म्हणतो ती बहुतेक वेळा टेनेला या जातीची करामत. बाकीच्या काही जातींत शिटेत रक्त दिसतच नाही. नुसता पातळ, नारिंगी-गुलाबी चिकट द्रव पडतो. "रक्त नाही म्हणजे कॉक्सी नाही" ही समजूत म्हणूनच महागात पडते.

शेडमध्ये उभ्या उभ्या पहिला फरक कळतो तो मरतुकीच्या चढ-उतारावरून. गंबोरो अचानक येतो. काल सगळी पिल्लं पळत होती आणि आज अर्धी शेड बसलेली, असं होतं. पिल्लं थरथरतात, पांढरट पाण्यासारखी शीट टाकतात, काही स्वतःच्याच मागच्या भागाला चोच मारत राहतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मर सगळ्यात जास्त असते आणि आठवड्याच्या आत ती आपोआप उतरते. त्या उतरण्याचं श्रेय पाण्यात टाकलेल्या औषधाला मिळतं, आणि पुढच्या बॅचलाही तेच औषध आणलं जातं. कॉक्सी बहुधा हळू चढते. आधी दाणा कमी खाल्ला जातो, तुरा फिका पडतो, वाढ मागे-पुढे होते, मग रोज थोडी थोडी मर सुरू होते. ड्रिंकरच्या, म्हणजे पाण्याच्या भांड्याच्या, आसपास, जिथे तूस काळा आणि घट्ट झालेला असतो, तिथली पिल्लं आधी बसतात.

तरी खात्री हवी असेल तर मेलेलं पिल्लू उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. मात्र मोठे पक्षीही एकाएकी पटापट मरत असतील, तुरे निळे पडले असतील, डोकी सुजली असतील, तर एकही पक्षी उघडू नका, हलवू नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा परिसरातल्या लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या. तशी लक्षणं नसतील तर ताजं मेलेलं पिल्लू घ्या, हातमोजे घाला, तोंडाला मास्क बांधा, शेडपासून लांब बसा. पहिल्या वेळी डॉक्टरांच्या शेजारी बसून पाहिलं तर उत्तम.

पिल्लू उताणं ठेवून मांडीवरची कातडी सोला. गंबोरोत मांडीच्या आणि छातीच्या मांसावर रक्ताचे लालसर ठिपके किंवा आडवे फराटे दिसू शकतात. मग पोट उघडून आतडं शेवटपर्यंत सोडवत न्या. लहान आतडं संपतं तिथून दोन बंद टोकांच्या पिशव्या फुटतात, त्या सीका. निरोगी पिल्लात त्या तपकिरी आणि मऊ असतात. टेनेलानं धरलेल्या सीका फुगून गडद लाल झालेल्या असतात आणि कापल्या की आतून रक्ताच्या गुठळ्या निघतात. काही दिवस गेले असतील तर आत पनीरसारखा घट्ट गोळा सापडतो. दुसऱ्या जातींसाठी लहान आतड्याची भिंतही पाहावी लागते. तिथे पांढऱ्या आडव्या रेषा, ठिपके किंवा फुगवटा दिसतो.

शेवटी बर्सा. आजाराच्या सुरुवातीला मेलेल्या पिल्लात ती सुजलेली असते, वरून पिवळसर जेलीसारखं आवरण आलेलं असतं, कधी पूर्ण रक्ताळलेली असते. पण पाचव्या दिवसाच्या आसपास तिचा आकार परत नेहमीसारखा होतो आणि आठव्या दिवसापर्यंत ती आक्रसून जाते. उशिरा मेलेल्या पिल्लात "बर्सा तर लहानच आहे" म्हणून गंबोरो नाकारायचा नाही. मर सुरू झालेल्या पहिल्या-दुसऱ्या दिवसाची दोन-तीन पिल्लं तपासली तर चित्र स्पष्ट होतं. दोन्ही आजार एकाच पिल्लात सापडणं हेही अगदी शक्य आहे. गंबोरोनं प्रतिकारशक्ती खचली की गादीतली कॉक्सी डोकं वर काढते, आणि नंतर दिलेली लासोटा, म्हणजे राणीखेत या आजाराची लस, हीसुद्धा नीट लागत नाही. राणीखेतची लस देऊनही राणीखेत आली, अशी तक्रार असेल तर मागे गंबोरो होऊन गेला होता का, हे विचारायलाच हवं.

गंबोरोवर औषध नाही. ऊब, भरपूर स्वच्छ पाणी, इलेक्ट्रोलाइट, आणि शांतता एवढंच देता येतं. कॉक्सीवर ॲम्प्रोलियम किंवा टोल्ट्राझुरिल डॉक्टरांच्या मात्रेनं पाण्यातून चालतं. ॲम्प्रोलियम परजीवीला बी-1 जीवनसत्त्व मिळू देत नाही, हीच त्याची काम करण्याची पद्धत. त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक घातलं की आपण परजीवीचीच सोय करतो. ही जोडी मी इतक्या शेडवर पाहिली आहे की दुकानदारांनी तरी ती एकत्र देऊ नये, असं कळकळीनं वाटतं. टॉनिक द्यायचंच तर औषधाचे दिवस संपल्यावर द्यावं.

जैवसुरक्षेचा, म्हणजे रोग शेडमध्ये येऊ न देण्याचा, प्रश्न आला की मात्र या दोन आजारांच्या वाटा पार फुटतात. दारात फिनाईलचं घमेलं ठेवलं की झालं, असं अनेकांना वाटतं. गंबोरोच्या विषाणूला बाहेरचं चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे नेहमीची बरीच जंतुनाशकं त्याला पुरी पडत नाहीत. कॉक्सीच्या अंड्यांचं कवच तर याहून चिवट.

गंबोरो मागच्या बॅचमधून किंवा बाहेरून येतो. रिकाम्या शेडमध्ये हा विषाणू चार महिन्यांपर्यंत टिकल्याची नोंद आहे, त्यामुळे न धुता पंधरा दिवस शेड मोकळी ठेवण्याला फारसा अर्थ नाही. जुनी गादी पूर्ण काढून लांब न्यावी, गादीतले काळे किडेही विषाणू वाहतात म्हणून त्यांचा बंदोबस्त करावा, जमीन-भिंती-भांडी साबणाच्या पाण्यानं घासावीत, वाळू द्यावीत, आणि मगच ग्लुटाराल्डिहाइड किंवा आयोडीनचं जंतुनाशक मारावं. शीट चिकटलेल्या भिंतीवर मारलेलं महागडं औषध वाया जातं. खाद्याची परत आलेली पोती, अंड्यांचे ट्रे, पक्षी भरायला आलेल्या गाडीचे क्रेट, शेजारच्या शेडवरून थेट आलेला लस देणारा माणूस, या वाटा बंद करायच्या.

दुसरी ढाल लशीची, आणि छोट्या पालकाचं घोडं इथेच अडतं. पिल्लं 200 आणि लशीची बाटली 500 किंवा 1000 डोसची. उरलेली लस उद्यासाठी फ्रीजमध्ये ठेवली तर ती मेलेली असते. एकदा कालवली की दोनेक तासांत संपायला हवी. शेजारच्या दोघा-तिघांनी पिल्लं एकाच आठवड्यात आणून लसीकरणाचा दिवस एक ठेवला तर खर्चही वाटला जातो. ज्या पाण्यातून लस द्यायची त्यात टीसीएल (क्लोरीनची पावडर) नको, आणि थोडी स्किम्ड दूध पावडर आधी मिसळावी. पहिली मात्रा सहसा बाराव्या-चौदाव्या दिवसाच्या आसपास असते. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती जास्त असताना घाई केली तर लस लागत नाही, म्हणून नेमका दिवस पिल्लं कुठून आली त्यावरून डॉक्टरांशी बोलून ठरवावा.

कॉक्सी बहुतेक शेडमध्ये असतेच. थोडी पोटात गेली तर पिल्लू त्या जातीशी लढायला शिकतं. ओलावा, ऊब आणि हवा मिळाली की शिटेतली अंडी एक-दोन दिवसांत संसर्ग करण्याजोगी होतात. कोकणात, मावळात पावसाळ्यात ताडपत्रीतून झड आत येते आणि हेच घडतं. गादी रोज हलवावी. मूठभर तूस घट्ट दाबून हात उघडावा: सुटा झाला तर ठीक, लाडू झाला तर त्या जागेचा तूस काढून कोरडा टाकावा. ड्रिंकर पिल्लाच्या पाठीच्या उंचीला आणावा आणि वाढेल तसा वर घ्यावा. घरीच मका-पेंड दळून खाद्य करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की कंपनीच्या स्टार्टरमध्ये (लहान पिल्लांच्या खाद्यात) बहुधा कॉक्सीविरोधी औषध असतं, आपल्या खाद्यात ते नसतं. मोठे पक्षी आणि पिल्लं एकत्र सोडू नयेत, आणि प्रत्येक शेडच्या दारात वेगळी चप्पल ठेवावी. ही चप्पल दोन्ही आजारांना उपयोगी आहे.

निदान घरी जमत नसेल तर ताजी मेलेली दोन-तीन पिल्लं दुहेरी पिशवीत, बर्फाच्या डब्यात घालून दवाखान्यात न्यावीत. डीप फ्रीजरमध्ये गोठवू नयेत, पेशी फुटून तपासणी बिघडते. तिथून गरज पडल्यास नमुने पुण्याच्या औंधमधल्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात. सोबत एका कागदावर पिल्लांचं वय, रोजची मर, कोणती लस कधी दिली आणि पाण्यात आतापर्यंत काय काय घातलं ते लिहून न्यावं. टॉनिकचं नावसुद्धा.