समाजमाध्यम व्यवस्थापक

समाजमाध्यम व्यवस्थापक : एखाद्या व्यवसायाची फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, लिंक्डइन यांवरील खाती त्या व्यवसायाच्या नावाने चालवण्यासाठी मोबदला देऊन नेमलेली व्यक्ती किंवा संस्था. बोलण्यात ‘सोशल मीडिया हँडल करणारा’ किंवा नुसतेच ‘पेज बघणारी’. हे काम कधी पगारी कर्मचारी करतो, कधी घरी बसून चार-पाच दुकाने सांभाळणारा फ्रीलान्सर, तर कधी एजन्सी. जाहिरात संस्था मजकूर तयार करून माध्यमाकडे पाठवते आणि तिथे तिचे काम संपते. व्यवस्थापक मात्र गल्ल्यावर बसवलेल्या माणसासारखा थेट गिऱ्हाइकाशी बोलतो, तेही मालकाच्या तोंडाने.

फेसबुक २००४ मध्ये सुरू झाले, पण व्यवसायांसाठी स्वतंत्र ‘पेज’ची सोय नोव्हेंबर २००७ मध्ये आली. सुरुवातीला बहुतेक दुकानांची पेजेस मालकाचा भाचा किंवा कॉलेजात जाणारी मुलगी चालवी. अनेक ठिकाणी आजही तसेच आहे आणि ते नेहमीच वाईट चालते असेही नाही. व्हँकुव्हरच्या हूटसूटसारखी (२००८) साधने आल्यावर एकाच पडद्यावरून अनेक खात्यांवर आधीच वेळ लावून पोस्ट टाकता येऊ लागल्या, आणि दहा जणांची खाती एकट्याने सांभाळण्याचा धंदा शक्य झाला. भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला आणि गिऱ्हाईकच मोबाइलवर आले. जानेवारी २०१८ मध्ये दोन गोष्टी घडल्या. व्हॉट्सॲप बिझनेस भारतात उपलब्ध झाले. आणि फेसबुकने मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना प्राधान्य देण्याचे जाहीर केल्याने पेजची फुकटची रिच, म्हणजे पैसे न देता पोस्ट जितक्या लोकांना दिसे तो आकडा, घसरू लागली. तेव्हापासून ‘पोस्ट टाकली पण कोणी बघत नाही’ या तक्रारीवर ‘बूस्ट करा’, म्हणजे पैसे भरून पोस्ट पुढे ढकला, हे ठरलेले उत्तर मिळते. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केल्या, आणि पोस्टर करणाऱ्यापेक्षा व्हिडिओ कापणाऱ्याचा भाव वाढला.

कामाचा व्यवहार साधारणपणे महिन्याच्या पॅकेजवर होतो : इतक्या पोस्ट, इतक्या रील, सणावारांची ‘क्रिएटिव्ह’ (म्हणजे तयार चित्रे) आणि जाहिरातीचा खर्च वेगळा. या मोजणीतच खोट आहे. पोस्ट मोजता येतात म्हणून पोस्टचे पैसे ठरतात. पण व्यवसायाला ज्याचा उपयोग होतो ते काम, म्हणजे कमेंट आणि इनबॉक्समधल्या प्रश्नांना वेळेवर आणि खरे उत्तर देणे, पॅकेजमध्ये बहुधा लिहिलेलेच नसते.

कोकणातल्या आंबा बागायतदाराचे उदाहरण घेऊ. त्याचा खरा हंगाम मार्च ते मे. पेज पाहणारी मुलगी पुण्यात, बाग देवगडात. मोहोराचे फोटो, काढणीची रील, पेटी भरतानाचा व्हिडिओ हे सगळे बागेतून व्हॉट्सॲपवर येते आणि पुण्यात सजते. प्रश्न मात्र भलतेच येतात. पाच डझनांची पेटी केवढ्याला? फळ किती ग्रॅमचे? डाग निघाला तर बदलून मिळेल का? आणि हमखास : कार्बाइडने पिकवलाय का? कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे, एवढे उत्तर कोणीही देईल. पण ‘पेंढ्यात अढी लावलीय, अजून चार दिवस लागतील, पेटी आली की लगेच फ्रिजमध्ये ठेवू नका’ हे बागेतल्या माणसालाच माहीत असते, आणि गिऱ्हाईक त्यावरच विश्वास ठेवते. मुलीला ते रोज सकाळी कोणी कळवले नाही, तर ती ‘कृपया इनबॉक्स पाहा’ असे लिहून मोकळी होते. किमतीच्या साध्या प्रश्नाला इनबॉक्समध्ये ढकलण्याची ही पद्धत कोणी काढली कोण जाणे. अर्धी गिऱ्हाइके तिथपर्यंत जातच नाहीत.

मंजुरीचा प्रश्नही असाच. ३ फेब्रुवारी २०१३ रोजी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्समध्ये सुपर बोल हा अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना चालू असताना मैदानावरचे दिवे अर्ध्या तासाहून अधिक काळ गेले. अंधारातही बिस्किट दुधात बुडवता येते, अशा अर्थाचा ट्वीट ओरिओने त्याच वेळात टाकला आणि तो जगभर गाजला. हजरजबाबीपणाचा नमुना म्हणून तो सांगितला जातो, पण एजन्सीचे लोक आणि कंपनीचे अधिकारी त्या रात्री एकत्र बसले होते, म्हणून होकार मिनिटांत मिळाला, हे कमी सांगितले जाते. आपल्याकडे क्रिएटिव्ह दुपारी पाठवले जाते, मालकाचा अंगठा रात्री अकराला येतो, आणि गुढीपाडव्याची शुभेच्छा दुसऱ्या दिवशी झळकते.

सणांच्या पोस्टबद्दल आणखी थोडे. त्यांनी विक्री वाढते असे मानायला फारसा आधार नाही, तरी पॅकेजचा मोठा भाग त्या खातात. तयार साच्यात लोगो बदलून एकच गणपती वीस दुकानांच्या पेजवर जातो. कॅलेंडर पाहून यंत्रवत ‘शुभेच्छा’ चिकटवणाऱ्याच्या हातून ६ डिसेंबरला, जिथे अभिवादन हवे तिथे, शुभेच्छा जातात. गुड फ्रायडेला ‘हॅपी’ लागतो. वेळ लावून ठेवलेली सेलची पोस्ट एखाद्या मोठ्या दुर्घटनेच्या दिवशी तशीच सुटते. म्हणून चांगला व्यवस्थापक अशा दिवशी सर्वांत आधी रांगेतल्या पोस्ट थांबवतो.

या व्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमणुकीच्या वेळी सर्वांत कमी बोलला जाणारा, मुद्दा खात्याच्या मालकीचा. खाते बहुधा व्यवस्थापकच उघडतो : स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नंबरवर. ‘काका, तुमच्या फोनवर ओटीपी आला असेल, सांगा ना पटकन’ हा फोन दोन-तीनदा झाला की काकाच म्हणतात, ‘तुझाच नंबर टाक, माझ्यामागे कटकट नको.’ तिथे किल्ली हातातून गेली. मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या, व्यवस्थेत पेज, इन्स्टाग्राम खाते आणि जाहिरात खाते एका बिझनेस पोर्टफोलिओखाली ठेवता येतात. तो पोर्टफोलिओ व्यवसायाच्या नावाने हवा आणि एजन्सीला त्यात ‘भागीदार’ म्हणून ठरावीक कामांपुरता प्रवेश द्यावा, अशी सोय आहे. पासवर्ड सांगावाच लागत नाही. उलट सगळे एजन्सीच्या पोर्टफोलिओत उघडले, तर करार संपल्यावर पेज मिळवण्यासाठी विनवण्या कराव्या लागतात. आणि जाहिरात खात्यात साठलेली माहिती, म्हणजे कोणत्या जाहिरातीला कोणत्या गावातून प्रतिसाद आला, ती तिकडेच राहते.

किल्लीचे किस्से मोठ्या कंपन्यांचेही आहेत. मार्च २०११ मध्ये अमेरिकेतल्या क्रायस्लर या मोटार कंपनीच्या ट्विटर खात्यावरून डेट्रॉइटच्या लोकांना गाडी चालवता येत नाही, असे शिवीसकट लिहिले गेले. एजन्सीच्या माणसाला आपण स्वतःच्या खात्यावर लिहितोय असे वाटले होते. त्याची नोकरी गेली आणि एजन्सीचे कंत्राटही. जानेवारी २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एचएमव्ही या संगीत-दुकानांच्या साखळीत नोकरकपात चालू असताना कर्मचाऱ्यांनी कंपनीच्याच खात्यावरून त्याचे थेट वर्णन सुरू केले, आणि ट्विटर बंद कसे करायचे असे विपणन संचालक विचारत असल्याचेही तिथेच लिहून टाकले. खाते नेमके कोणाचे, हा वाद कोर्टातही गेला आहे. नोआ क्रॅव्हिट्झ या लेखकाने २०१० मध्ये फोनडॉग ही मोबाइल फोनची माहिती देणारी कंपनी सोडताना सुमारे १७ हजार फॉलोअरांचे ट्विटर खाते नाव बदलून आपल्याकडेच ठेवले. कंपनीने दर फॉलोअरमागे महिन्याला अडीच डॉलर भरपाई मागितली. २०१२ च्या अखेरीस तडजोड झाली आणि खाते त्याच्याकडेच राहिले, त्यामुळे कायद्याचा प्रश्न सुटायचा तो राहूनच गेला.

भारतात मजकुराच्या मालकीबाबत प्रताधिकार कायदा, १९५७ लागू होतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाराच. फ्रीलान्सरचे तसे नाही. पैसे देऊन सांगून काढून घेतलेले छायाचित्र किंवा चित्रफीत, वेगळा करार नसल्यास, सांगणाऱ्याची असते. पण लिहिलेला मजकूर लिहिणाऱ्याचाच राहतो, आणि तो हक्क सहीनिशी लेखी हस्तांतरित करून घ्यावा लागतो. हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. रीलला लावलेल्या चित्रपटगीताचे प्रकरण याहून नाजूक आहे : खासगी खात्याला मिळणारी गाणी व्यावसायिक खात्याला सर्रास वापरता येत नाहीत, आणि आवाज बंद झालेली रील पाहून मालक व्यवस्थापकावरच चिडतो.

पोस्टमधल्या दाव्याची जबाबदारी मात्र बाहेर देता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. इन्फ्लुएन्सरला पैसे किंवा वस्तू देऊन पोस्ट करून घेतली, तर ती जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, २०२१ मध्ये दिली. आंब्याच्या उदाहरणात, हापूस या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांपुरते आहे. परराज्यातल्या पेटीच्या फोटोवर पुण्यातल्या मुलीने ‘देवगड हापूस’ असे सुबक अक्षरात लिहिले, तरी विचारणा बागायतदारालाच होणार.

फॉलोअर विकत घेणे हा या क्षेत्रातला जुना रोग. महिन्याच्या अहवालात आकडा फुगलेला दिसतो, पण परदेशातली रिकामी खाती फॉलो करत असल्याने खऱ्या गिऱ्हाइकांपर्यंत पोस्ट आणखीनच कमी पोचते. अहवालात फॉलोअरपेक्षा आलेल्या चौकशा, त्यांतल्या किती फोनपर्यंत गेल्या आणि उत्तराला किती वेळ लागला, हे मागणारे मालक थोडे. मागितल्यावर देणारे व्यवस्थापकही फार नाहीत.

काम संपवताना बिझनेस पोर्टफोलिओतून जुन्या व्यवस्थापकाचे नाव काढणे, जोडलेला ईमेल आणि नंबर बदलणे, जाहिरात खात्यावरचे कार्ड तपासणे आणि मूळ फाइल्स, म्हणजे न कापलेले व्हिडिओ आणि डिझाइनच्या संपादनयोग्य प्रती, ताब्यात घेणे ही कामे असतात. शेवटचा हप्ता बहुधा या हस्तांतरानंतरच दिला जातो. या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागू होतो. मात्र बहुतेक राज्यांत २० लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या सेवा पुरवठादाराला सामान्यतः नोंदणी करावी लागत नाही, त्यामुळे घरून काम करणाऱ्या अनेकांच्या बिलात तो दिसत नाही.